एकाला काळं, एकाला पांढरं

भर दुपारी गावातल्या सलूनमध्ये मी डोक्याला काळं थापून बसलो होतो. घरीही करता येते, पण घरी केलं की उशीची खोळ जाते अन् मग रात्रीपर्यंत ऐकावं लागते, म्हणून सलून. एप्रिल महिना, कूलर नुसती गरम हवा फेकत होता, अन् शेजारच्या खुर्चीत एक पोट्टं येऊन बसलं, एकोणीस-वीसचं असेल, बाप कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. त्यानं मोबाइल पुढं केला, "दादा, असे पायजेत." फोटोत कोणी कोरियन पोरगा होता बहुतेक, अन् केस असे की राखाडी म्हणता येईना अन् पांढरेही म्हणता येईना. सलूनवाल्यानं चष्मा कपाळावर सरकवून नीट पाह्यलं. "हे प्लॅटिनम हाये. एका बैठकीत नाई होत बाप्पा."

आता गावात लग्नाआधी केस रंगवणं काही नवीन नाही, वरबापापासून आचाऱ्यापर्यंत सगळे काळे करूनच मांडवात येतात अन् त्याला कोणी फॅशन म्हणत नाही. पण काळ्याचं पांढरं करायला पैसे देणारा मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होतो. मजा म्हणजे दोन वाट्या. माझ्या वाटीत काळा डाय, त्याच्या वाटीत निळसर ब्लीच पावडर, अन् दोन्हीत ओतलं ते एकाच बाटलीतलं पेरॉक्साइड. माझ्याकडं रंग चढवायला, त्याच्याकडं उतरवायला. हेच पेरॉक्साइड कापडगिरणीत सुती कापडालाही लागते, कारण कापूस आपल्याला वाटते तेवढा पांढरा नसतोच, पिवळट असतो, हे आपण कापूसवाले असून आपल्याच ध्यानात नसते.

"डोकं धुऊन आला का?" सलूनवाल्यानं विचारलं. नाई म्हटल्यावर म्हणे बरं केलं, तेलकटपणा राह्यला की चामडीले कमी झोंबते. मग कळलं की ही भानगड मोठी आहे. पार्लरवाले केसांचा रंग १ ते १० आकड्यात मोजतात, आपले लोक १ नाहीतर २ वर असतात, प्लॅटिनम १० वर. मधल्या पायऱ्या चुकत नाहीत, आधी तांबडं, मग नारंगी, मग पिवळं, अन् केळाच्या सालीच्या आतल्या बाजूसारखं फिक्कं पिवळं झालं की थांबायचं. त्याच्या पुढं गेलं तर ओला केस ओढला की लांबतो अन् तुटतो. पोट्ट्याला घाई, चुलतभावाचं लग्न रविवारवर आलेलं. "दादा, ४० वालं लावा ना, लवकर होईन." म्हणजे ४० व्हॉल्यूमचं, त्यात १२ टक्के पेरॉक्साइड असते. सलूनवाल्यानं २० चंच घेतलं, ६ टक्केवालं. "अन् डोक्याची चामडी भाजली तं थे कोण देईन, मी?" मग त्यानं कूलरचं तोंड भिंतीकडं केलं, ब्लीच वाळलं की काम थांबते म्हणून. पोट्ट्याच्या डोक्यावर पन्नी बांधली अन् आम्ही तिघंही घामानं निथळत बसलो.

हा रंग मुळात सिनेमानं लोकांच्या डोक्यात घातला, १९३१ साली जीन हार्लो या नटीचा 'प्लॅटिनम ब्लाँड' नावाचाच अमेरिकन सिनेमा आला अन् तिकडच्या बायकांनी पेरॉक्साइडच्या बाटल्या उचलल्या. पुढं हार्लोबाईंचेच केस इतके खराब झाले की त्यांना विग घालायची पाळी आली. हे मी पोट्ट्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं अन् पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं, म्हणजे पन्नीसकट.

पिवळं झाल्यावर त्याच्यावर जांभळं टोनर लावतात अन् पुढं घरी जांभळा शाम्पू वापरावा लागते. पिवळ्यावर जांभळं चढलं की पिवळेपणा मारला जातो. सलूनवाला हे मोठं गुपित असल्यासारखं सांगत होता अन् मला आमचं आंगण दिसायला लागलं. आबाचं धोतर. आजी ते आधी सोड्यात उकळायची, दगडावर आपटायची, मग शेवटच्या पाण्यात निळीची पुरचुंडी दोनदा हलवायची. दोनदाच, तिसऱ्यांदा हलवली की आबा चिडायचा, "मले काय निळा झेंडा करून पाठवतं का बाजारात?" धोतर पिळून झालं की आजी इकडं तिकडं पाहायची. आबा ओट्यावर नाही, सून आत आहे, पोट्टे खेळून राह्यले. मग बुचडा सोडायची अन् त्या उरलेल्या निळ्या पाण्यात केस बुडवायची. तिचे केस पांढरे, पण चुलीच्या धुरानं अन् रोजच्या तेलानं पिवळे पडलेले, अन् कोणाकडं लग्नाला जायचं असलं की हा कार्यक्रम ठरलेला. मी एकदा टक लावून पाहत होतो तं म्हणे, "पाहून काय रायला? गर्मी उतरते मा डोक्याची." उन्हात वाळवून विंचरले की असे झकपक पांढरे व्हायचे! टोनिंग होतं ते. तिला कोणी शिकवलं काय माहीत, विचारायचं राहूनच गेलं.

असो. रंग करणं सोपं, सांभाळणं कठीण. आम्ही पडलो दर्यापूरकडचे, खारपाणपट्टा, पूर्णेच्या खोऱ्यातलं जमिनीखालचं पाणी असं की साबणाला फेस येत नाही, दाढी करतानाही नळाचं पाणी सांभाळून ठेवावं लागते. ब्लीच केलेला केस आतून पोकळ झालेला असतो, त्यात हे क्षार जाऊन बसतात अन् प्लॅटिनमचा रंग आठवड्या-दोन आठवड्यात मळकट होतो. "पेयाच्या पाण्यानं धुवा लागीन डोकं," सलूनवाला म्हणाला. पोट्टं हो म्हणालं. नळ कधी येतो ते त्यालाही माहीत अन् मलाही माहीत. वरून महिन्याला साधारण सेंटीमीटरभर केस वाढतो, त्याचा काळा, माझा पांढरा. लपवायला दोघांनाही याच खुर्चीत येणं आहे.

तेवढ्यात त्याची माय बोलवायला आली. दारातच थांबली, पन्नीखालचं ते नारंगी प्रकरण पाह्यलं अन् डोक्याला हात लावला. "कायले पैशे वाया घालवतं रे? तुहा बाप जिनिंगातून येते तवा फुकटात असाच दिसते." सलूनवाला हसला, मी हसलो, पोट्टंही हसलं. मग ती जवळ आली अन् विचारलं, "भाऊ, जयत तं नसन ना त्याले?"

सलूनवाल्यानं पन्नी उघडून कानामागची एक बट दोन बोटात धरली, वर उचलली अन् उजेडाकडं करून पाह्यली.

असंच कोणीतरी दोन बोटात केस धरून पाह्यलेलं मी आधी पाह्यलं आहे. दुसरीत असताना उपकेंद्रातली सिस्टर शाळेत यायची. आमच्या वर्गात एक पोरगा होता, त्याला सगळे भुऱ्या म्हणायचे, मीही म्हणायचो. केस तांबूस पिवळे, विरळ, हात लावला तर निघतील असे, पाय सुजलेले, पोट पुढं. आम्हाला वाटायचं गोऱ्या साहेबासारखे केस आहेत, आम्ही मागच्या बाकावरून ओढून पाहायचो. सिस्टरनं बट उचलली, खिडकीकडं धरली अन् वहीत काहीतरी लिहिलं. मग गुरुजींना म्हणाली, याच्या घरी सांगा, डाळ, अंडी, दूध, जे मिळेल ते द्या याला, अंगात प्रथिनं नाहीत म्हणून केसांचा रंग गेला. पोटात नीट जायला लागलं की नवे केस मुळातून काळे येतील.

भुऱ्याचे आले की नाही माहीत नाही. त्याच उन्हाळ्यात ते लोक वीटभट्टीवर गेले, अन् जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा गुरुजींनी हजेरीत त्याच्या नावावर रेघ मारली.