एस्केप दाबलं तरी सुटका नाही

हिंगोलीत मेहुण्याची आडत आहे. हळदीच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या पावत्या, छापायला त्याला एक छोटा पायथन प्रोग्राम लिहून देत होतो. माझा लॅपटॉप जुना, कोड लिहायचा मोठा एडिटर उघडला की धापा टाकतो, म्हणून निओविम वापरतो; विम नावाच्या जुन्या एडिटरवरून बनलेला हा हलका एडिटर. कोड एका खिडकीत, चालवणं दुसऱ्या खिडकीत, या येरझाऱ्यांना कंटाळून टर्मिनल, म्हणजे कमांड लिहून प्रोग्राम चालवायची ती दुसरी खिडकी, एडिटरच्या आतच घ्यायचं ठरवलं.

उघडणं सोपं. कोलन देऊन टर्मिनल लिहिलं, एंटर मारला, तर समोरचा कोडच गायब! जीव धसकला. निओविम आहे त्याच खिडकीत टर्मिनल उघडतो, कोड मागं शाबूत असतो. आधी स्प्लिट करून, म्हणजे खिडकीचे दोन भाग करून घ्या, एवढंच.

खरा घोळ पुढं. आय दाबून आत गेलो, प्रोग्राम चालवला. त्यानं शेतकऱ्याचं नाव विचारलं, मी 'बाबाराव' आणि पुढं आडनाव टाईप केलं. तेवढ्यात प्रश्नातच शुद्धलेखनाची चूक दिसली. म्हटलं वर जाऊन नीट करू. एडिटरमध्ये टायपिंगमधून बाहेर पडायची कळ तीच, म्हणून एस्केप दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, जोरात दाबलं. जोरानं काय होणार म्हणा!

एका व्हिडिओत सांगितलं होतं, कंट्रोल-डब्ल्यू दाबा, मग कॅपिटल एन. दाबलं. आडनाव पुसलं गेलं आणि तिथं 'ळ' उमटला. परत आडनाव लिहिलं, परत पुसलं, परत ळ. वैतागून एकदा एंटरही मारला. मागून बायको म्हणाली, "दोन घंटे झाले, एकच नाव लिहून पुसायलाव!" शेवटी लाईट गेली. बॅटरी कधीचीच मेलेली, त्यामुळं तेव्हा कुठं बाहेर पडलो.

तो व्हिडिओ विमचा होता. विममध्ये टर्मिनल 2018 साली, 8.1 आवृत्तीत आलं आणि तिथं कंट्रोल-डब्ल्यू विम स्वतःकडं ठेवतो. निओविम ती कळ, एस्केपसकट, आत चाललेल्या प्रोग्रामला देऊन टाकतो. आणि तिथं कंट्रोल-डब्ल्यूचा अर्थ मागचा शब्द पुसा. म्हणजे बिचारा सांगितलं तेच करत होता. निओविममधून सुटायचं तर कंट्रोल-बॅकस्लॅश, मग कंट्रोल-एन. हे अंदाजानं कुणाला सुचणार? व्हिडिओवाल्यानं एका वाक्यात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं!

आणि ळ? कीबोर्ड इनस्क्रिप्ट या मराठी मांडणीवर होता, त्यात शिफ्ट-एन म्हणजे ळ. त्याच पायी पुढं एकदा फाइलींची यादी बघायला एलएस टाईप केलं तर 'ते' उमटलं आणि शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, म्हणाला, 'ते: कमांड नॉट फाउंड'. नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे एडिटर कळांना कमांड समजतो तेव्हा, तर आयच्या जागी ग जातो आणि एडिटर ढिम्म. कमांड देण्याआधी भाषा इंग्रजी करा, हे खरं तर मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.

आता सेटिंगच्या फाइलमध्ये टर्मिनल मोडसाठी, म्हणजे टर्मिनलच्या आत टाईप करत असतानासाठी, एक ओळ टाकली आहे: एस्केप दोनदा दाबलं की बाहेर. एकदाचं नको, कारण आतल्या प्रोग्रामलाही कधी एस्केप लागतं. काम संपलं की एक्झिट लिहायचं. नुसती खिडकी बंद केली तर शेल मागं चालूच राहतो.

परवा मेहुण्याचा फोन आला. "दाजी, पहिल्या पट्टीवर हे बाबाराव ळ कोण ओ?"