पाणी लांब आहे म्हणे

"खाडीच्या अगदी काठाला लावू, पाणी तर किती लांब आहे!" कोथरूडच्या दुकानात तंबू भाड्याने घेताना एकजण मोबाइलवरचा फोटो दाखवत होता. फोटो ओहोटीचा.

कोकणात संध्याकाळी सहाला ओहोटी असेल, तर मध्यरात्री भरती. तंबूत सगळे घोरत असताना!

काठावर वाळलेल्या काटक्यांची, कचऱ्याची रेघ दिसते; मागच्या भरतीचं पाणी तिथवर आलेलं. जागा तिच्या बरीच वर धरायची. तीही फसवते. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती, रेघ खालीच राहते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी ती ओलांडतं.

आणि वाळूत नेहमीच्या खुंट्या धरत नाहीत. पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून हातभर खोल पुरायची.

पुण्यातून निघताना चौकशी सगळी मासळीच्या थाळीची. कॅलेंडरवर तिथी कितीजण बघतात?