तुम्ही विचारलंत म्हणून : सुरुवात कोणत्या अक्षराने करावी?

टाकाने लिहिलेली माझी पत्रे पाहून, असे नक्षीदार रोमन अक्षर शिकायचे असेल तर सुरुवात कोणत्या अक्षराने करावी, असे अनेक जण विचारतात. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सांगते : कोणत्याच अक्षराने करू नका. आधी लंबगोल काढा.

मी नेमके उलट केले होते. वेलबुट्टीच्या मोहाने पहिल्या आठवड्यापासूनच मोठी अक्षरे समोर ठेवून हुबेहूब उतरवत राहिले आणि माझे प्रत्येक वेटोळे थरथरल्यासारखे दिसत राहिले. आकार बरोबर होते, पण मी ते बोटांनी रेखाटत होते, लिहीत नव्हते. मोठी सलग फेरी बोटांच्या आवाक्यात मावत नाही. कोपरापुढचा मांसल भाग मेजावर टेकवून सगळा हात फिरवला, तरच रेघ न अडखळता वळते. अमेरिकेत लेखनशिक्षक प्लॅट रॉजर्स स्पेन्सर (१८००–१८६४) यांनी आपले अक्षराचे वळण लंबगोलावरच उभारले, आणि पुढे ऑस्टिन नॉर्मन पामर यांनी बोटांऐवजी हाताच्या स्नायूंच्या हालचालीवर सारा भर दिला. हे वाचले तेव्हा मी कित्ता बाजूला ठेवला आणि कित्येक आठवडे नुसते लंबगोल घोटले.

टाकाची निब टोकदार आणि लवचीक असते. खाली येताना दाब दिला की तिच्या दोन पाती फाकतात आणि रेघ ठळक होते. वर जाताना दाब राहिला तर टोक कागदात रुतते आणि शाई उडते. नव्या निबेवर तेलाचा पातळ थर असतो, तो पुसून घ्या, नाहीतर शाई पसरण्याऐवजी थेंबाने गोळा होते. तिरकेपणासाठी आधी रेषा आखा, आडव्या ओळीशी कोन मोजून : ताम्रपटाच्या (इंग्रजीत ‘कॉपरप्लेट’) वळणाला सुमारे ५५ अंश, स्पेन्सर यांच्या वळणाला ५२.

ज्या ताम्रपटी नमुन्यांपुढे आपले अक्षर ओबडधोबड वाटते, ते मुळात टाकाने लिहिलेले नाहीत, कोरून छापलेले आहेत. जॉर्ज बिकहॅम यांनी १७३३ ते १७४१ या काळात इंग्लंडमधील लेखनगुरूंची अक्षरे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली. कोरणाऱ्याला पत्रा हवा तसा फिरवता येतो, रेघ पुन्हा साफ करता येते. शाईने एकदाच ओढलेल्या रेघेला ती सवलत नाही. म्हणून त्या नमुन्यांतून प्रमाण आणि तिरकेपणा शिका, पण त्यांच्या सफाईशी आपल्या पानाची तुलना करून खचू नका. मी त्या तुलनेत बरेच महिने घालवले, याचे मला आजही वाईट वाटते.

लंबगोल एका वेगात, एका लयीत येऊ लागले की मग वेलबुट्टीकडे वळा. निब कागदाला न टेकवता तीच फेरी हवेत दोन-तीनदा घ्या आणि हात न थांबवता कागदावर उतरा. रेघा एकमेकींना शक्यतो काटकोनात छेदू द्या, आणि ठळक रेघेवरून दुसरी ठळक रेघ कधीही नेऊ नका.