टीचर, नर्स की रिसर्च?

ओटावाहून इकालुइतला, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेतल्या नुनावुत प्रदेशाच्या राजधानीला, विमानाने तीन तास, आणि गाडीने जाऊ म्हणाल तर बाहेरून तिथे जाणारा रस्ताच नाहीये. ऑफिसचं दोन दिवसांचं काम होतं, त्याला मी वीकेंड चिकटवला. मार्च महिना, फ्रोबिशर बे गोठून पांढराफटक, आणि नाकातले केस कडक होतात हे मला कोणीच आधी सांगितलं नव्हतं!

तिथली टॅक्सी म्हणजे आपली शेअर रिक्षाच. भाडं ठरलेलं, वाटेत कोणीही चढतं. माझ्या शेजारी एक आजी येऊन बसल्या, अमाउती घातलेली म्हणजे तो मोठ्या टोपीचा कोट, आणि टोपीत पाठीवर नातू गाढ झोपलेला. मला बघून पहिला प्रश्न, "टीचर, नर्स की रिसर्च?" म्हटलं कॉम्प्युटर. "बरं झालं, रक्त मागणार नाहीस म्हणजे," म्हणाल्या आणि ड्रायव्हरसकट सगळे हसले.

पण मग आजी जहाजाचं बोलायला लागल्या. १९५० पासून सी. डी. हाउ नावाचं सरकारी जहाज उन्हाळ्यात गावोगाव यायचं, जहाजावरच एक्सरे, आणि टीबी निघाला की माणूस तसाच जहाजावर, घरच्यांचा निरोप घ्यायलाही खाली सोडत नसत. १९५६ च्या सुमारास दर सात इनुइटांमागे (म्हणजे तिथले मूळ रहिवासी) एक दक्षिणेतल्या सॅनेटोरियममध्ये होता. कितीजण तिकडेच वारले आणि घरी कळवलंसुद्धा नाही. त्यांच्या कबरी शोधायचं काम आता नानिलावुत या नावाने चाललंय, नावाचा अर्थच 'चला त्यांना शोधूया'. तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांनी माफी मागितली ती २०१९ मध्ये, याच गावात येऊन.

आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), २००७-०८ ला इनुइटांच्या आरोग्याचा मोठा सर्व्हे झाला तोही जहाजावरूनच, जहाजाचं नाव अमुंडसेन. या वेळी मात्र काय विचारायचं हे ठरवणाऱ्या समित्यांवर इनुइट स्वतः होते. आता नुनावुतमध्ये अभ्यास करायचा तर आधी तिथल्या रिसर्च इन्स्टिट्यूटचं लायसन्स लागतं. त्या सर्व्हेत नुनावुतमधल्या जवळजवळ ७० टक्के इनुइट घरांत पोटभर आणि धड खायला मिळण्याची शाश्वती नाही असं निघालं, आणि दुकानातले भाजीचे भाव बघून मला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

मी सहज बोलून गेले की माझे आजोबाही टीबीने मिरजेला दीड वर्ष होते, आजी दर रविवारी एसटीने डबा घेऊन जायची.

"परत आले?"

"हो."

"आमचा भाऊ नाही आला," म्हणाल्या, आणि नातवाची टोपी सारखी करत दुकानापाशी उतरल्या.