बोसाँच्या बर्फाकडे पायी

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाच्या ‘कांचनजंगा’ या विमानात होते. मुंबईहून दिल्ली आणि बैरूत करून जिनिव्हाकडे निघालेले ते बोइंग ७०७ सकाळी आठच्या सुमारास फ्रान्समधील माँ ब्लाँ पर्वताच्या शिखराजवळ आदळले आणि त्यातील ११७ माणसांपैकी एकही वाचला नाही. डॉ. होमी भाभा त्याच विमानाने व्हिएन्नाच्या बैठकीला निघाले होते, म्हणून देशाला हा अपघात आठवतो. आमच्या घरात त्याची आठवण वेगळ्या रीतीने राहिली. देह मिळालाच नाही, तेव्हा पळसाची पाने आणि दर्भ यांची प्रतिमा करून पालाशविधी झाला, तिला अग्नी दिला गेला, आणि तेव्हापासून माघ शुद्धातील त्या तिथीला धाकट्या आजोबांचे पान वाढले जाते.

विमान आदळले ती जागा साडेचार हजार मीटरांहून अधिक उंचीवर, कड्यांच्या आणि बर्फाच्या मुलखात आहे. तेथे गिर्यारोहकाखेरीज कोणी पोहोचू शकत नाही. पायी जाणाऱ्याला जास्तीत जास्त जवळ नेणारी वाट म्हणजे ‘ला जोंक्शियाँ’ची, जिथे बोसाँ आणि ताकोनाझ या दोन हिमनद्या एकमेकींपासून फुटतात. पंढरपुरात पदस्पर्शदर्शनाच्या रांगेत उभे राहण्याचे बळ ज्याच्यात नसते, तो वारकरी कळसाला हात जोडून परततो आणि त्याची वारी पुरी झाली असे कोणीही नाकारत नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी गेलेली असल्यामुळे हा हिशेब मला परका नव्हता. जिनिव्हाला नोकरी करणारा माझा चुलत भाऊ सोबतीला तयार झाला आणि ऐन आषाढात आम्ही शामोनीच्या खोऱ्यात उतरलो.

बोसाँ गावाच्या वरून वाट सूचिपर्णी झाडांच्या रानात शिरते आणि वळणे घेत चढत राहते. सुरुवातीचे दोन तास सांगण्यासारखे काही नाही. दम लागतो, पाणी संपत जाते, आणि पुणे-सासवडमधला दिवे घाट कठीण वाटायचा याचे हसू येते. पिरामिड नावाच्या शॅलेपाशी (डोंगरातल्या लाकडी घरापाशी), १,८९५ मीटरांवर, रान संपते आणि डाव्या हाताला बोसाँची हिमनदी उघडी पडते. तिच्यावर बर्फाचे उंच सुळके उभे असतात, त्यांतला एखादा मधूनच कोसळतो आणि तोफ डागल्यासारखा आवाज खोऱ्यात भरतो.

तेथे बसलो असताना भावाने विचारले, “ताई, घातपात होता असे तुला कधी वाटले का?” भाभांमुळे या अपघाताभोवती अशा कथा फार रचल्या गेल्या, आणि आडनाव ऐकून आम्हाला लोकांनी त्या पुष्कळदा ऐकवल्याही आहेत. मला त्या पटल्या नाहीत. फ्रेंच चौकशीने सांगितलेले कारण त्याहून साधे, आणि माझ्या मते त्याहून दुःखद आहे. स्थान कळण्यासाठी असलेल्या व्हीओआर यंत्रांपैकी एक बैरूतहून निघतानाच बंद होते. वैमानिकाचा आपल्या जागेचा अंदाज चुकला, रडारवर बसलेल्या नियंत्रकाच्या ते ध्यानात आले आणि शिखर अजून पाच मैल दूर असल्याचे त्याने कळवलेही. परंतु ते सांगण्याच्या शब्दांत पुरेसा नेमकेपणा नसल्याने शिखर मागे पडले अशी वैमानिकाची समजूत झाली आणि विमान खाली येत राहिले. त्या माणसांना कोणी मारायला टपलेले नव्हते. उलट एक माणूस त्यांना सावध करत होता.

शॅलेच्या पुढे वाट खडकांवर चढते. ऊन लखलखीत होते. याच वाटेने १७८६ च्या ऑगस्टमध्ये बाल्मा आणि पाकार माँ ब्लाँच्या पहिल्या यशस्वी चढाईला गेले आणि वरच्या एका प्रचंड धोंड्याच्या आडोशाने त्यांनी रात्र काढली. तो धोंडा ओलांडला की थोड्याच वेळात २,५८९ मीटरांवर पायवाट संपते, कारण पुढे जमीनच उरत नाही, नुसता भेगाळलेला बर्फ असतो.

आम्हाला जे गाठता येत नाही ते हिमनदी स्वतः खाली आणते, वर्षाला थोडे थोडे. २०१२ मध्ये भारत सरकारच्या राजनैतिक टपालाची पिशवी बर्फातून निघाली. पुढच्या वर्षी एका गिर्यारोहकाला पाचू, माणके आणि नीलम भरलेली पेटी सापडली आणि त्याने ती प्रामाणिकपणे पोलिसांकडे दिली. २०२० च्या जुलैत तिथल्या एका उपाहारगृहाच्या चालकाला वर्तमानपत्रे मिळाली, ज्यांच्यात इंदिरा गांधी पंतप्रधान होणार असल्याचे मथळे अजून वाचता येत होते. त्यांचा शपथविधी अपघाताच्याच दिवशी झाला. रत्नांच्या पेटीची चर्चा जगभर झाली, मला मात्र वर्तमानपत्रांनी अस्वस्थ केले, कारण त्यांतले एखादे धाकट्या आजोबांनी घडी घालून मांडीवर ठेवलेले असू शकते.

भाऊ बराच वेळ बर्फाच्या कडेने काही दिसते का ते पाहत होता. काही सापडले नाही, आणि मला ते बरे वाटले. ते कोणाचे म्हणून हातात घेणार होतो? याच पर्वतावर ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचेच ‘मलबार प्रिन्सेस’ आदळून ४८ जण गेले होते, त्यांत बहुसंख्य खलाशी होते, आणि त्यांचेही अवशेष हीच बोसाँ वाहून आणते. माणसाचे हाड मिळाले तरी ते कोणत्या विमानातले, हे ठरवणे सोपे नसते. भावाने बरोबर आणलेले तीळ ओंजळीत घेऊन धाकट्या आजोबांचे नाव आणि गोत्र उच्चारले आणि पाणी सोडले. तर्पणात ज्यांचे कोणी नाही त्यांच्यासाठीही ओंजळ असते. ती मी सोडली, भटजींना हे चालेल की नाही याची चौकशी न करता.

खाली येताना गुडघ्यांनी चढणीचा सूड घेतला. संध्याकाळी फोन केला तेव्हा वडिलांनी दृश्याविषयी काहीच विचारले नाही. त्यांच्यापुढे नकाशा उघडा होता. “पाणी कोणत्या अंगाला सोडलेत, बोसाँच्या की ताकोनाझच्या?” बोसाँच्या, असे मी सांगितले. “मग बरोबर,” ते म्हणाले, आणि पिरामिडच्या शॅलेपर्यंत पंच्याहत्तरीचा माणूस सावकाश चढू शकेल का, उतरताना काठ्या किती लागतील, आणि पुढच्या आषाढात जिनिव्हाचे तिकीट कधी काढलेले स्वस्त पडेल, ते विचारू लागले.