त्या निवेदनावर मी सही का केली नाही

फेब्रुवारी 2024 च्या दुसऱ्या आठवड्यात, ठाण्याच्या चरईतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे मास्तर एक निवेदन घेऊन आमच्याकडे आले. खासगी व्यक्तींचे सगळे शस्त्रपरवाने ताबडतोब रद्द करावेत आणि तसा कायदा राज्य सरकारने तातडीने करावा, अशी मागणी त्यात होती. खाली इमारतीतल्या एकवीस जणांच्या सह्या होत्या. त्यांचे हादरणे मला कळत होते. 2 फेब्रुवारीला उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात झालेल्या गोळीबाराचे चित्रण सगळ्यांनी पाहिले होते. आरोपी विद्यमान आमदार होते आणि जखमी दुसऱ्या पक्षाचे पदाधिकारी. त्यानंतर सहाच दिवसांनी मुंबईच्या दहिसर भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या समाजमाध्यमावरच्या थेट प्रक्षेपणात झाली. मास्तरांच्या नातीने ते चित्रण मोबाइलवर पाहिले आणि ती दोन रात्री झोपली नाही, असे सांगताना त्यांचा आवाज कापत होता.

मी सही केली नाही. मास्तर क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "तुझ्या वडिलांकडे बंदूक होती म्हणून तुला हे पटत नाही का रे?" प्रश्न रास्त होता, आणि जिन्यात उभ्या उभ्या त्याचे उत्तर देता येण्यासारखे नव्हते, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

वडील सैन्यातून निवृत्त झाल्यावर ठाण्यातल्या एका बँकेत सशस्त्र रखवालदार म्हणून लागले. स्वतःच्या नावाचा परवाना आणि स्वतःची बारा बोरची दुनळी बंदूक असेल तरच ती नोकरी मिळत होती. परवान्यासाठी अर्ज केल्यावर पोलीस ठाण्यातून माणूस घरी आला, शेजाऱ्यांकडे चौकशी झाली, गावाकडच्या ठाण्यातूनही अहवाल मागवला गेला, आणि मग पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत अनेक फेऱ्या झाल्या. नूतनीकरणाच्या वेळी बंदूक नेऊन दाखवावी लागे, काडतुसांची नोंद परवान्यावर जुळावी लागे. घरात बंदूक एका कपाटात आणि काडतुसे दुसऱ्या कपाटात असत, आणि दोन्हींच्या किल्ल्या आईलाही ठाऊक नसत. निवृत्तीनंतर प्रत्येक निवडणुकीची आचारसंहिता लागली की वडील बंदूक गुंडाळून ठाण्यात जमा करायला जात आणि निकाल लागल्यावर पावती दाखवून परत आणत. त्यांच्या निधनानंतर तेराव्याच्या आधीच मी ती ठाण्यात नेऊन दिली, कारण ज्याच्या नावावर परवाना नाही त्याने ती घरात ठेवणे हाच गुन्हा आहे, हे त्यांनी मला कितीतरी वेळा बजावून ठेवले होते. पुढे अधिकृत विक्रेत्यामार्फत ती विकली. आज आमच्या घरात शस्त्र नाही आणि मला ते नकोही आहे.

हे सांगण्याचे कारण असे की, निवेदनात ज्याला "मोकाट शस्त्रे" म्हटले होते, ती शस्त्रे या देशात कायद्याने कधीच मोकाट नव्हती. 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना हा हक्क म्हणून मिळत नाही; पोलिसांचा अहवाल आल्यावर तो द्यायचा की नाकारायचा हे अधिकारी ठरवतो. कलम 17 खाली सार्वजनिक शांततेसाठी किंवा सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास तो निलंबित किंवा रद्द करता येतो. 2016 च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याच्या सुरक्षेचे प्रशिक्षण बंधनकारक केले. परवानाधारकाने राहण्याचे ठिकाण बदलले, तर नव्या ठिकाणच्या अधिकाऱ्याला त्याने तसे कळवायचे असते. आपले शस्त्र दुसऱ्याच्या हाती दिले, तर तोही गुन्हाच. दहिसरच्या प्रकरणात हल्लेखोराने आपल्याच सुरक्षारक्षकाचे पिस्तूल वापरल्याचे समोर आले आणि पोलिसांनी त्या रक्षकाला शस्त्र अधिनियमाखालीच अटक केली. म्हणजे ज्या प्रसंगाने आपण नवा कायदा मागत होतो, त्या प्रसंगासाठी कायदा आधीच लिहिलेला होता. मग ते पिस्तूल दुसऱ्याच्या हाती गेले कसे, हे विचारणारी एकही ओळ निवेदनात नव्हती.

आणखी एक बाब मास्तरांना मी त्याच दिवशी सांगितली. शस्त्रे हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीत आहे, त्यामुळे राज्य सरकारकडे असा कायदा मागणे म्हणजे चुकीच्या खिडकीवर अर्ज देणे होते. एकवीस सुशिक्षित माणसांपैकी कोणालाही हे पाहायला सवड मिळाली नव्हती. घाईचा पहिला परिणाम इथेच दिसतो.

घाईत केलेल्या कायद्याचे काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच शस्त्र अधिनियमात आहे. पंजाबातला दहशतवाद भरात असताना, 1988 मध्ये, कलम 27 मध्ये एक पोटकलम घालण्यात आले. बंदी असलेल्या शस्त्राच्या वापरामुळे किंवा त्यासंबंधीच्या कायदाभंगाच्या कृतीमुळे कोणाचा मृत्यू झाला, तर शिक्षा एकच, फाशी. न्यायाधीशाला दुसरा पर्यायच ठेवला नव्हता. शब्दरचना इतकी सैल होती की, मारण्याचा हेतू नसताना घडलेला मृत्यूही तिच्या कचाट्यात सापडू शकत होता. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पोटकलम घटनाबाह्य ठरवले, आणि ज्या खटल्यात हा निकाल आला त्यातला आरोपी दहशतवादी नव्हता, तर केंद्रीय राखीव पोलीस दलाचा जवान होता. भीतीच्या काळात एका माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले कलम चोवीस वर्षे कायद्याच्या पुस्तकात राहिले आणि भलत्याच माणसावर येऊन उभे राहिले. हे वाचले तेव्हा मला वडिलांसारख्या अनेक जवानांचे चेहरे आठवले.

2019 च्या दुरुस्तीची कथा इतकी भीषण नाही, पण घाई तीच. 29 नोव्हेंबरला विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि 10 डिसेंबरला राज्यसभेतही संमत झाले. स्थायी समितीकडे ते गेले नाही. मूळ मसुद्यात एका व्यक्तीला तीनऐवजी एकच बंदूक ठेवण्याची मुभा होती, विरोध झाल्यावर ती संख्या दोन करण्यात आली. दोन आणि एक यांतला निर्णय कशाच्या आधारावर झाला, हे मला आजवर समजलेले नाही. त्याच दुरुस्तीने बेकायदा शस्त्रनिर्मितीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढवली, ते योग्यच झाले. परंतु जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या उमर्टीसारख्या गावांतून येणारे गावठी कट्टे त्यामुळे थांबले, असे ठाण्यातला कोणताही पोलीस सांगणार नाही. कट्टा बाळगणाऱ्याने कधी परवाना शाखेची पायरी चढलेली नसते, त्यामुळे परवाने रद्द केल्याने त्याचे काहीच बिघडत नाही. त्याच्यावर परवान्याशिवाय शस्त्र बाळगल्याचा खटला भरायचा, तर कलम 39 नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, आणि ते शस्त्र खरोखर चालते हे तज्ज्ञाच्या तपासणीतून सिद्ध करावे लागते. मंजुरीचा कागद सदोष असला, तपासणीचा अहवाल रखडला, पंच फिरले, की आरोपी सुटतो. हे काम कंटाळवाणे आहे, त्याची बातमी होत नाही, पण माणसांचे जीव वाचतात ते इथे.

दूरच्या देशांतही मला हेच दिसले. स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावी 13 मार्च 1996 रोजी एका माणसाने शाळेत शिरून सोळा मुलांना आणि त्यांच्या शिक्षिकेला ठार मारले. त्याची शस्त्रे परवान्याची होती. तिथे कायदा बदलण्याआधी न्यायालयीन चौकशी झाली, आणि म्हणूनच हे उघड झाले की, या माणसाचा परवाना काढून घ्यावा असे एका पोलीस अधिकाऱ्याने 1991 मध्येच लेखी कळवले होते आणि वरिष्ठांनी काही केले नव्हते. त्या एका टिपणाची दखल घेतली गेली असती, तर काय वाचले असते हा विचार मनातून जात नाही. न्यूझीलंडमध्ये क्रम उलटा झाला. ख्राइस्टचर्चच्या मशिदींत 15 मार्च 2019 रोजी एक्कावन्न माणसे मारली गेली आणि 10 एप्रिलला, म्हणजे सव्वीस दिवसांत, 119 विरुद्ध 1 मतांनी कायदा झाला. चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगाचा अहवाल पुढच्या वर्षाच्या अखेरीस आला. त्यात दिसले की, मारेकऱ्याला परवाना देताना ज्या दोघांची साक्ष पोलिसांनी ग्राह्य धरली, त्यांतला एक त्याचा ऑनलाइन खेळांतला मित्र होता आणि दुसरी व्यक्ती त्या मित्राच्याच पालकांपैकी होती. अर्धस्वयंचलित बंदुकांवरची बंदी चूक होती, असे मी म्हणत नाही. मतदान करणाऱ्यांच्या हाती त्या दिवशी ही माहिती नव्हती, एवढेच मला खटकते.

आपल्याकडे सरसकट परवाने रद्द झाले, तर पहिला फटका कोणाला बसेल? रोकड वाहून नेणाऱ्या गाड्यांच्या मागे उभे असलेले माजी सैनिक, सराफांच्या दारातले रखवालदार, रानडुकरांपासून पीक राखणारे शेतकरी. त्यांची नावे आणि पत्ते सरकारदरबारी नोंदलेले आहेत, त्यामुळे ते सापडायला सोपे आहेत.

म्हणून मी दुसरे पत्र लिहिले, पोलीस आयुक्तांच्या नावे. आयुक्तालयाच्या हद्दीत काम करणाऱ्या प्रत्येक खासगी सशस्त्र रक्षकाच्या परवान्याची पडताळणी व्हावी, परराज्यातल्या परवान्यांची नोंद इथे झाली आहे का ते तपासावे, गंभीर गुन्हे दाखल असलेल्या परवानाधारकांवर कलम 17 खाली काय कारवाई झाली ते जाहीर करावे, आणि बेकायदा शस्त्रांच्या किती खटल्यांत पूर्वमंजुरी प्रलंबित आहे ते सांगावे, एवढ्याच मागण्या त्यात आहेत. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. पत्र घेऊन मी मास्तरांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले, "पडताळणी" या शब्दाआधी "तीन महिन्यांत" असे स्वतःच्या अक्षरात घातले, आणि दोन दिवस विचार करून सांगतो म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी पत्र आमच्या दाराच्या फटीतून आत सरकवलेले होते. त्यावर त्यांची सही होती.