उत्तरायणाआधीचा सोमवार

८ जानेवारी २०२४, सोमवार. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं ट्रॅव्हल ऑफिस साडेदहाला उघडतं. त्या दिवशी कुलूप काढेपर्यंत माझ्या मोबाइलवर चार फोन येऊन गेले होते, चारही मालदीवचे. बॅग टेबलावर ठेवतेय तोच पाचवा. "ताई, आमचं रद्द करा. किती पैसे जातात ते मागाहून सांगा."

उत्तरायण, म्हणजे आमच्याकडची संक्रांत, सहा दिवसांवर आली होती. बडोद्यात ती झाली की लग्नं सुरू होतात, म्हणून जानेवारीची अखेर आणि फेब्रुवारी हा आमचा हनिमूनचा हंगाम. मालदीवची अकरा बुकिंगं हातात होती. संध्याकाळपर्यंत सात गेली.

कारण कुणी सांगायची गरज नव्हती. पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, आणि मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी त्यांच्याबद्दल नको ते लिहिलं. रविवारी त्यांच्याच सरकारने तिघांना निलंबित केलं, पण तोवर राग घरोघरी पोचला होता. त्यात नवे राष्ट्राध्यक्ष मुइज्जू नेमके त्याच सोमवारी चीनच्या दौऱ्यावर. नोव्हेंबरात शपथ घेतल्यापासून ते भारतीय सैनिक परत न्या म्हणत होतेच. हे सगळं मिळून माझ्या ऑफिसात एकच वाक्य होऊन येत होतं : "त्यांना आपण नको, तर आपल्यालाही ते नकोत."

दुपारी एक काका आले, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. मुलाचं लग्न फेब्रुवारीत. सोबत होणारी सून. आमच्या दारासमोरच दोन खांबांना दोर ताणून मांजा चढवायचं काम चाललेलं असतं. काकांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला तो ओला गुलाबी रंग लागला होता, त्यांचं लक्षही नव्हतं. व्हाउचर टेबलावर ठेवून म्हणाले, "अर्धी रक्कम भरलीय, ती बुडाली तरी चालेल. आपल्या पंतप्रधानाला कुणी असं बोलायचं आणि आपण तिथे जाऊन पैसे उधळायचे, हे माझ्याच्याने होणार नाही."

पेन्शनवर जगणारा माणूस एवढी रक्कम सोडायला तयार होता. हा राग वरवरचा नव्हता, आणि मला तो चुकीचाही वाटला नाही. मलाही लागलं होतंच.

तेवढ्यात ती मुलगी हळूच म्हणाली, "पण तिथल्या लोकांनी त्यांना निवडून का दिलं?"

मग मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. आधीचं सरकार 'इंडिया फर्स्ट' म्हणायचं. मुइज्जूंच्या बाजूने 'इंडिया आउट'चा प्रचार झाला आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या फेरीत त्यांना सुमारे ५४ टक्के मतं पडली. म्हणजे बाकीच्यांनी त्यांना मत दिलंच नव्हतं. आपले सैनिक तिथे होते ऐंशीच्या आसपास, दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्नियर विमान चालवायला. दूरच्या बेटावरचा आजारी माणूस राजधानी मालेच्या इस्पितळात न्यायला तीच विमानं उडायची. १९८८ मध्ये तिथलं सरकार उलथवायचा डाव झाला तेव्हा आपलीच फौज रातोरात धावून गेली होती. २०१४ मध्ये मालेचं पाणी तुटलं, ते आपण पोचवलं. "तरी परक्या देशाचा गणवेश आपल्या जमिनीवर नको, असं पाच लाखांच्या देशातल्या माणसाला वाटू शकतं ना, काका?"

काकांना ते पटलं नाही. "मदतही घ्यायची आणि वर शिव्याही द्यायच्या?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग तीच मागणी, जी त्या दिवशी प्रत्येकाने केली : लक्षद्वीप करून द्या. इथे मात्र मी ठाम राहिले. परवाना काढावा लागतो, कोचीहून अगत्तीला छोटं विमान जातं, छत्तीस बेटांपैकी माणसं राहतात दहांवर, आणि पर्यटकांसाठी खोल्या मोजक्या. गोड्या पाण्याचीही टंचाई. महिन्याभरात तिथे हनिमून जमवते असं म्हणणं म्हणजे खोटं बोलणं, आणि ते खोटं त्या दिवशी हवं तेवढं खपलं असतं. शेवटी अंदमान ठरलं.

त्यांच्यासमोरच मी मालदीवच्या रिसॉर्टला फोन लावला. पलीकडून हिंदीत उत्तर आलं. रिझर्व्हेशनवरचा तो मुलगा केरळचा. "मॅडम, सकाळपासून हेच चाललंय," म्हणाला. बिलातलं दहा टक्के सेवाशुल्क कर्मचाऱ्यांत वाटलं जातं, त्याच्या घरी जाणाऱ्या पैशांतला मोठा भाग तोच. फोन स्पीकरवर होता. काका ऐकत होते. पैसे परत मिळणार नाहीत, पण वर्षाअखेरपर्यंत तारीख बदलून देईन, असं त्याने मॅनेजरला विचारून सांगितलं. लेखी द्या म्हटल्यावर दहा मिनिटांत ईमेल आला. मी प्रिंट काढून फाईलला लावली. काका जाताना म्हणाले, "त्या पोराचं वाईट वाटलं." निर्णय बदलला नाही.

आपल्याकडून २०२३ मध्ये दोन लाखांवर लोक मालदीवला गेले होते, पर्यटकांत पहिला नंबर आपला. २०२४ मध्ये ते सुमारे एक लाख तीस हजारांवर आले. परराष्ट्र धोरणावर लोकांचं मत एरवी कुठे दिसतं? मी ते माझ्या टेबलावर, रद्द केलेल्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यात पाहिलं. त्या गठ्ठ्यात सगळ्यांचा राग खरा होता, आणि झळ बसली ती तिथे राबणाऱ्या आपल्याच एका पोराला. आजही या दोन गोष्टी मला एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

मेपर्यंत सैनिक परतले, त्यांच्या जागी बिगरलष्करी तंत्रज्ञ गेले. ऑक्टोबरात मुइज्जू दिल्लीला आले, भारताने ४० कोटी डॉलरच्या चलन-अदलाबदलीला, म्हणजे त्यांना गरजेला डॉलर देण्याच्या कराराला, होकार दिला, आणि दोघांच्या हस्तांदोलनाचा फोटो पेपरात आला. त्याच आठवड्यात काका ऑफिसात आले. बराच वेळ नवरात्राबद्दल बोलत बसले. मग म्हणाले, "ताई, ते घरी येऊन बोलले, आपल्या माणसाचा मान राहिला. माझं आता काही म्हणणं नाही. तो कागद अजून चालेल का?"

३१ डिसेंबरपर्यंत चालणार होता. मी फाईल काढली आणि पहिल्यांदा मुलाच्या सुट्ट्या विचारल्या.